टाचणवहीची प्रस्तावना

प्राथमिक शाळेच्या मास्तराने नोकरीच्या काळात जे लिखाण केलेले असते त्याची पाने कोणी मोजली, तर एखाद्या नामांकित ग्रंथकारालाही संकोच वाटावा इतकी ती भरतील. परंतु हजेरीपट, जनरल रजिस्टर, निकालपत्रके, जनगणनेची आणि मतदारयाद्यांची कागदपत्रे, तांदळाचे हिशेब असा तो सारा मजकूर सरकारी दप्तरात जमा होऊन काही वर्षांनी वाळवीच्या नाही तर रद्दीवाल्याच्या स्वाधीन होत असल्यामुळे ग्रंथकार म्हणून त्याची कोठे नोंद राहत नाही, आणि एका परीने हे बरेच आहे. या ढिगातली एकच वही अशी असते, की जी त्याला मनातून आपली वाटण्याचा संभव असतो. येत्या आठवड्यात कोणता पाठ घ्यावयाचा, कोणती कविता म्हणून घ्यावयाची, कोणते शब्द फळ्यावर लिहावयाचे, याची आगाऊ नोंद जिच्यात करावयाची ती टाचणवही. टाचणे म्हणजे पक्की शिवण घालण्यापूर्वी कापडाचे दोन पदर कच्च्या टाक्यांनी जुळवून ठेवणे. शिवण पुरी झाली की टाचणीचा दोरा ओढून टाकावयाचा असतो. अध्यापनाच्या पूर्वतयारीला हा शब्द ज्याने प्रथम लावला तो शिंपी होता की शिक्षक होता हे मला ठाऊक नाही, पण त्याला दोन्ही धंद्यांची माहिती होती असे दिसते.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील एका बाजारगावच्या शाळेत मी १९८४ साली रुजू झालो, आणि पुढे बदल्या होत राहिल्या तरी चौथी आणि पाचवी या दोन इयत्तांनी माझी पाठ फारशी सोडली नाही. त्या काळातल्या टाचणवह्यांपैकी नऊ वह्या माझ्यापाशी राहिल्या. त्यांतून भाषेच्या तासांपुरता भाग निवडून, एका शैक्षणिक वर्षाचे तेहेतीस आठवडे जुळवून हे पुस्तक सिद्ध केले आहे. तेहेतीस हा आकडा मी शुभ म्हणून घेतलेला नाही. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस अध्यापनाचे ठरवून दिले आहेत. सहा दिवसांचा आठवडा धरला तर भागाकार तेहेतीसच्या किंचित वर जातो, आणि वरचे दोन दिवस कशात जातात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

टाचणवहीची सरकारदरबारी किंमत काय, याचा अनुभव मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आला. वर्गतपासणीस आलेल्या एका अधिकाऱ्यांपुढे मी माझी वही मोठ्या उमेदीने ठेवली. तिच्यात मी पाठाच्या उद्दिष्टांच्या जागी, नमुनेबरहुकूम वाक्यांऐवजी, मागल्या आठवड्यात कोणत्या मुलाला कोणते जोडाक्षर अडले हे लिहून ठेवले होते. त्यांनी पाने उलटली, शेवटच्या पानावरची तारीख पाहिली, तांबड्या शाईने ‘पाहिले’ असा शेरा मारून सही केली, आणि चहा घेतला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यामागे त्या दिवशी आणखी चार शाळा होत्या. मात्र त्या एका क्रियापदाने मला एवढे कळले की, ही वही दुसऱ्या कोणासाठी नसून आपल्यासाठीच आहे, आणि तेव्हापासून मी ती अधिक मोकळेपणाने लिहू लागलो.

भाषा आठवड्याच्या मापाने शिकवावी, हा या पुस्तकाचा एकमेव आग्रह आहे, आणि त्याचे थोडे स्पष्टीकरण करणे भाग आहे. आपल्याकडे शाळा आणि आठवडा यांची सांगड मूळची नाही. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या मुलांना वारांशी कर्तव्य नसे. त्यांचे अनध्याय प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या अशा तिथींनी ठरत. इंग्रजी अंमलात सरकारी शाळांबरोबर रविवारची सुटी आली आणि शाळेचा काळ साताच्या हिशेबात बसला. गिरणीतल्या कामगाराला तर तीच सुटी मिळण्यासाठी १८९० सालापर्यंत, नारायण मेघाजी लोखंडे यांची खटपट फळास येईपर्यंत, वाट पाहावी लागली. तेव्हा आठवडा ही शाळेने बाहेरून घेतलेली वस्तू खरी. परंतु खेड्याला आठवडा पूर्वीपासून ठाऊक होता, आणि तो बाजाराच्या रूपाने. आमच्या गावचा बाजार बुधवारचा. बुधवारी पटावरच्या एकेचाळीसपैकी पंचवीस मुले हजर असली तरी मी समाधान मानीत असे. उरलेली मुले आईबरोबर वांग्यांच्या पाटीजवळ किंवा बापाबरोबर शेरडे घेऊन बसलेली असत. प्रारंभी या बुधवाराचा मला फार राग येई. पुढे लक्षात आले, की बाजाराला जाणारे मूल गुरुवारी येताना तोंडात आठवड्याभराचे नवे शब्द घेऊन येते: कोणी भाव पाडला, कोणी सौदा मोडला, कोणाचे मापटे खोटे निघाले, चिपट्याला काय पडले, उधारी कोणी बुडवली. आणि हेही लक्षात आले, की एका बाजारात ऐकलेला शब्द दुसऱ्या बाजारापर्यंत पुरतो, मध्ये तो दोन-चारदा वापरला जातो, एखादे वेळी चुकीचा वापरला जातो, घरात कोणीतरी हसते, आणि पुढल्या बाजारात तो पुन्हा कानावर पडला म्हणजे मुलाचा होऊन जातो. रोजच्या रोज नवा धडा ओतला तर शब्दाला मुरण्यास अवकाश मिळत नाही. सत्र-परीक्षेपर्यंत थांबले तर तो विटून जातो. दोन बाजारांमधले अंतर मात्र त्याला मानवते.

याचे एक उदाहरण माझ्या वहीत तपशिलाने आहे. पाचवीच्या एका पाठात ‘प्रतीक्षा’ हा शब्द आला. सोमवारी मी तो वाचला, अर्थ सांगितला, मुलांनी ‘वाट बघणे’ असे शब्दार्थात लिहून घेतले आणि सर्वांना तो समजला असे मला वाटले. मंगळवारी एका मुलाने वाक्यात उपयोग केला तो असा, की मी आणि बापू एस.टी.ची परीक्षा करत उभे होतो. वर्ग हसला, पण वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच गफलत असल्याचे हसण्याच्या आवाजावरून मला कळले. गुरुवारच्या श्रुतलेखनात सोळा जणांनी शब्दातला र खाल्ला. शनिवारी, भित्तिपत्रकासाठी पावसावर दोन ओळी लिहिताना, एका मुलीने तो प्रथमच आपण होऊन वापरला, आणि लिंगाची चूक करून वापरला. मी चूक दुरुस्त केली नाही, कारण त्या दिवशी ती करणे मला कृतघ्नपणाचे वाटले. नंतर तीनेक आठवड्यांनी, ज्याने एस.टी.ची परीक्षा घेतली होती तोच मुलगा दहिवडीहून परत आला तो धापा टाकीत सांगू लागला, की गुर्जी, स्टँडवर आपला शबुद रंगानं लिवलाय. एस.टी. स्थानकावरची ‘प्रतीक्षालय’ ही पाटी त्याने वाचली होती. त्या पाटीखालून तो वर्षानुवर्षे गेला असेल. ती त्याला दिसली त्या दिवशी.

हे चौथी-पाचवीतच का घडते, हा प्रश्न रास्त आहे. ‘इयत्ता’ हा शब्द आपण रोज उच्चारतो, परंतु तो अस्सल संस्कृत असून ‘एवढेपणा’ हा त्याचा अर्थ आहे हे सहसा ध्यानात येत नाही. अमुक इयत्ता म्हणजे अमुक एवढेपणा. तर चौथी-पाचवीचा एवढेपणा असा, की मूल अक्षरांच्या ओझ्यातून नुकतेच मोकळे झालेले असते. पहिली-दुसरीत त्याची सारी शक्ती काना-मात्रा उचलण्यात खर्च होते, तिसरीत ते ओळ धावत वाचू लागते, आणि चौथीत येता येता ओळीकडे न पाहता ओळीतून पलीकडे पाहण्याची त्याला प्रथमच फुरसत मिळते. याच वेळी पुस्तकेही बदलतात. परिसर अभ्यास, इतिहास, गणिताची शाब्दिक उदाहरणे, ही सर्व मराठीच्याच आधारावर उभी राहतात, आणि ज्याचे वाचन कच्चे राहिले त्याचे सर्वच विषय एकदम कच्चे दिसू लागतात. ‘असर’ या नावाने २००५ सालापासून देशभर जी पाहणी होते तिच्यात पाचवीच्या मुलापुढेही दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. तो उतारा पाहून हसणारे शहाणे लोक मला भेटले आहेत. हसण्यापूर्वी त्यांनी एक सोमवार सकाळ मागच्या बाकाजवळ उभे राहून काढावी, म्हणजे तो उतारा का ठेवतात हे त्यांस कळेल.

आठवड्याची वाटणी मी कशी करीत असे ते पुढील पानांतून दिसेलच. येथे तिचे वेळापत्रक देत बसत नाही. प्रकट वाचन आणि कविता यांबद्दलही येथे फारसे लिहीत नाही, कारण त्यांत माझे विशेष काही नाही. कविता चालीवर म्हणून घेतली आणि तिचा अर्थ सांगण्याचा मोह आवरला, की निम्मे काम होते. माझे मन अधिक गुंतले ते गुरुवारच्या श्रुतलेखनात.

श्रुतलेखन हा आपल्या शाळांतला सर्वांत जुनाट आणि सर्वांत बदनाम प्रकार आहे. मास्तर म्हणतो, मुले लिहितात, चुका मोजल्या जातात, आणि पूर्वी तेवढ्या छड्या बसत. पण ह्रस्व-दीर्घाचे, अनुस्वाराचे सारे तत्त्वज्ञान मुलापुढे उभे राहते ते इथेच. एकदा मी ‘मुलाने फूल तोडले, फुलाला मूल आवडले’ असले एक चमत्कारिक वाक्य सांगितले होते. वही तपासताना एका धनगराच्या मुलीने विचारले, “गुर्जी, फूल येकटं आसलं का दुसरा उकार, आन त्येला कायतरी चिकाटलं का पहिला उकार, आसं का वं?” नियम आहे म्हणून, असे उत्तर मी दिले; ते देताना मला स्वतःचीच लाज वाटली. त्या रात्री मी मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ तालुक्याहून आणलेल्या प्रतीत चाळले, साहित्य महामंडळाचे शासनाने १९६२ साली मान्य केलेले चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चारांची भर पुन्हा नजरेखाली घातली, आणि पुढल्या गुरुवारी नियम न सांगता मुलांना बाकावर हात आपटीत शब्द म्हणावयास लावले: फूल, फुलाला, वीट, विटेला, जमीन, जमिनीला. हात कोठे रेंगाळतो आणि कोठे घाई करतो हे मुलांनीच टिपले. त्याच मुलीने खुलासा केला, की डोक्यावर भारा आला म्हणजे पाऊल आखूड पडते, तसेच हे. नंतर मी ‘शरीर, शरीराला’ हे शब्द फळ्यावर लिहिले, तेव्हा तिने त्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, की हा भारा उचलूनही तसाच चालतोय, म्हणजे हा आपल्या गावचा नसणार. तत्सम शब्दाची व्याख्या मी पुष्कळ पुस्तकांत वाचली आहे. तीत मला अधिकउणे काही करावेसे वाटले नाही, पण त्या दिवसापासून वर्गात ‘परगावचे शब्द’ असे एक सदर मात्र सुरू झाले.

श्रुतलेखनाचा एक सावत्र भाऊ आहे, त्याच्याविषयी मात्र माझे मत चांगले नाही. रोज एक पान उतरून काढण्याला आपल्या शाळांत ‘शुद्धलेखन’ म्हणण्याचा शिरस्ता पडला आहे. मोडीच्या काळी बोरूने कित्ता गिरवीत, त्याला हस्ताक्षराचा तरी हेतू होता. आजचे शुद्धलेखन हा घरचा अभ्यास तपासण्याचा सोपा मार्ग आहे, एवढाच त्याचा हेतू मला दिसतो. माझ्या एका विद्यार्थ्याने मोत्यासारख्या अक्षरात पान उतरवले, त्यात पाठाचा क्रमांक, शब्दार्थ, खालचा पृष्ठांक आणि चित्राखालची ओळसुद्धा उतरवली, आणि मध्ये दोन ओळी गाळल्या. गाळलेल्या ओळींमुळे गोष्टीतला राजा मेल्यानंतर दरबार भरवतो हे त्याच्या गावीही नव्हते. या पुस्तकात ‘शुद्धलेखन’ या नावाची एकही कृती नाही, ही उणीव जाणूनबुजून ठेवली आहे.

परगावच्या शब्दांचे सदर वाढत वाढत एका शुक्रवारी मुलांच्या पाठीवर जाऊन पोहोचले. मी त्यांना दप्तर उलटे करून बाकावर रिकामे करावयास सांगितले. दप्तर हा शब्दच फारसी, त्यातला कागद फारसी, शाई फारसीतल्या काळ्या रंगावरून आलेली, पेन्सिल इंग्रजी, पुस्तक संस्कृत, रबर इंग्रजी, पण त्याला ‘खोड’ हे मराठी क्रियापद जोडून आपण त्याचे खोडरबर करून टाकलेले. हजेरी आणि रजा अरबी, शाळा संस्कृत, मास्तर इंग्रजी. एका पोराने विचारले, मग आपलं काय? मी त्याला डबा उघडावयास सांगितला. डब्यात भाकरी होती, ठेचा होता. यावर त्याचे समाधान झाले, आणि खरे सांगायचे तर माझेही. शिवछत्रपतींनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो राजदरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. सावरकरांनी पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कार केला आणि त्यांचे ‘दिनांक’, ‘मुख्याध्यापक’ यांसारखे शब्द आमच्या फळ्यावर आणि कचेरीच्या दारावर कायमचे जाऊन बसले. मी त्या मुलांना हे दोन्ही सांगितले, आणि तरीही ‘तारीख’, ‘हजेरी’, ‘दप्तर’ हे शब्द कसे टिकून राहिले हेही सांगितले. कोणती बाजू बरोबर हे सांगितले नाही. दहा वर्षांच्या मुलाला शब्दाचे कूळ कळावे, त्याबद्दल कोर्टकचेरी करण्याचे वय पुढे येतेच.

पत्रलेखनाचा प्रसंग मी या प्रस्तावनेत घालावा की न घालावा हा विचार बराच काळ मनाशी घोळवीत होतो. पाचवीला रजेचा अर्ज शिकवावा लागतो. पुस्तकातला नमुना ताप आल्यामुळे दोन दिवसांची रजा मागणारा असतो, आणि त्यामुळे एकेचाळीस मुलांना एकदम ताप येतो. एका वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका मेंढक्याच्या मुलाने वही न देता स्वतंत्र कागदावर अर्ज आणून दिला. विषय होता, ‘मृग लागेपर्यंत रजा मिळणेबाबत’. कारण दिले होते, की दिवाळी झाली की मेंढरे खाली कृष्णाकाठाला न्यायची आहेत आणि वाघर लावायला घरात दुसरे माणूस नाही. शेवटी ‘कळावे, आपला आज्ञाधारक’ यथासांग होते. अर्जाचा सारा सांगाडा मी शिकवलेला, त्यातले फारसी शब्द पेशवाईपासून चालत आलेले, पण आतले कारण त्याचे स्वतःचे. त्या वर्षी वर्गात लिहिलेला खरा अर्ज तेवढा एकच. मुलाची एवढी रजा मंजूर करण्याचा अधिकार मला नव्हता, आणि हजेरीपटात नक्षत्रावर संपणाऱ्या रजेसाठी रकाना नसतो. मी त्याला एक चाळीस पानी वही शिवून दिली आणि सांगितले, की दर आठवड्याला जेथे मुक्काम असेल त्या गावाचे नाव आणि तेथे नवा कानावर पडलेला शब्द, एवढे लिहून आण.

जूनमध्ये तो आला. वही अकरा आठवड्यांपर्यंत भरली होती. पुढची पाने बापाने तंबाखूच्या पुड्या बांधायला फाडली होती. गुऱ्हाळ, काहील, चिपाड, मळी असे शब्द त्यात होते, अर्थासह. सातव्या पानावर लिहिले होते: ‘हितं उसाच्या शेंड्याला वाडं म्हणत्यात. आमचा वाडा मेंढरांचा, ह्यांचं वाडं उसाचं. वाड्यातली मेंढरं वाडं खात्यात.’ नाम, लिंग, अर्थभेद आणि अनुप्रास, चार विषय चार ओळींत. आणि त्याच्या हजेरीपटावर मात्र तेवढे सर्व महिने ‘सतत गैरहजर’ असाच शेरा होता, जो मीच लिहिला होता.

आता घरची बोली आणि पुस्तकाची प्रमाण भाषा यांच्या भांडणाबद्दल लिहिणे ओघानेच आले. परंतु त्यावर इतके लिहिले गेले आहे, आणि त्यातले बहुतेक ज्यांना वर्गात उभे राहावे लागत नाही अशांनी लिहिलेले आहे, की मी एवढेच म्हणतो: या पुस्तकात शनिवारचे लेखन मुलाच्या बोलीत आहे आणि गुरुवारचे प्रमाण भाषेत. एकाच आठवड्यात दोन्हींना जागा आहे. शनिवारी सकाळची शाळा, कवायत आटोपलेली, दुपारचे ऊन नाही, अशा वेळी मुले ज्या भाषेत विचार करतात त्याच भाषेत लिहितात. तेथे तांबडी शाई काढणाऱ्या शिक्षकाने निदान सोमवारपर्यंत दम धरावा.

शनिवारच्या भित्तिपत्रकाची कल्पना माझी नाही. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ साली शिक्षक म्हणून आलेले साने गुरुजी तेथील छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत, हे शाळेत असतानाच माझ्या वाचण्यात आले होते. रोज लिहिण्याचा त्यांचा उत्साह माझ्या ठायी नव्हता, म्हणून मी ते साप्ताहिक केले, आणि लिहिण्याचे काम मुलांवर ढकलले. तसेच गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातल्या चौथीच्या शिक्षकाने मला फार मोठा धीर दिला. त्याचा पहिलाच दिवस फसतो, शांततेचा खेळ खेळायला सांगितल्यावर मुले गोंधळ घालतात आणि त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो, तो भाग मी माझ्या प्रत्येक फसलेल्या सोमवारी पुन्हा वाचीत आलो आहे. भावनगरात गिजुभाईंबरोबर काम करून पुढे बोर्डीला आणि कोसबाडला बालशिक्षणाचे केंद्र उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांनी त्यांचा विचार मराठीत रुजवला, परंतु तो बालवाडीपुरताच आहे अशी एक समजूत आमच्या प्राथमिक शिक्षकांत उगीच पसरली आहे.

पाठ्यपुस्तकांविरुद्ध या पुस्तकात काही सापडेल अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांची निराशा होईल. मेजर कँडी यांनी विरामचिन्हांची शिस्त लावलेल्या क्रमिक पुस्तकांपासून, अत्र्यांच्या नवयुग वाचनमालेपर्यंत, आणि १९६७ साली पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाल्यापासून बालभारतीच्या अनेक पिढ्यांपर्यंत, मराठी मुलाच्या हाती पुस्तक बरे पडत आले आहे असेच माझे मत आहे. खेड्यातल्या कित्येक घरांत तेवढेच एक पुस्तक असते, आणि ते मुलाआधी त्याची आई वाचून काढते, हेही मी पाहिले आहे. माझी तक्रार असलीच तर ती पुस्तकाशी नसून त्याला ‘संपवण्या’शी आहे. फेब्रुवारीअखेर पोर्शन संपला, असे आम्ही शिक्षक एकमेकांना अभिमानाने सांगतो. जणू ते कर्जच होते.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. टाचणे जशी लिहिली तशीच छापली आहेत. फसलेले तास वगळलेले नाहीत, आणि अकराव्या आठवड्यात विशेषणांचा जो खेळखंडोबा झाला तो वाचून कोणाची करमणूक झाली तर माझी हरकत नाही. मुलांची नावे सर्वत्र गाळली आहेत. माणदेशातले शब्द टीप न देता ठेवले आहेत, कारण कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या शिक्षकाने त्यांच्या जागी आपल्याकडचे घालावेत अशी इच्छा आहे. आमच्या वाघरीच्या जागी तेथे जाळे येईल, आमच्या भाऱ्याच्या जागी आणखी काही. त्यासाठी प्रत्येक आठवड्याच्या शेवटी, शनिवारनंतर, एक पान कोरे सोडलेले आहे. मुद्रितशोधकांनी त्याबद्दल दोनदा विचारणा केली. ती पाने नजरचुकीने राहिलेली नाहीत.